बर्फाचा भाव आणि बाकीची मिळकत

मी, खाली सही करणारी, वय वर्षे एकोणऐंशी, धंदा पूर्वी महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवणे आणि आजही बर्फाचा कारखाना चालवणे, पूर्ण शुद्धीवर असताना, राजीखुशीने आणि कोणी हात न धरता हे मृत्युपत्र लिहून ठेवते. बुद्धी शाबूत असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. दाखला देण्याआधी डॉक्टरांनी मला आजची तारीख विचारली, ती मी सांगितली. मग त्यांनी सहज विचारले की हल्ली महागाई एवढी का वाढते. बाहेर पेशंट ताटकळले. तेव्हा बुद्धीबद्दल कोणी शंका काढू नये. जिभेबद्दल असल्यास ती या दस्ताच्या कक्षेत येत नाही.

कलम १. याआधी केलेली तिन्ही मृत्युपत्रे मी या लेखाने रद्द करते. पहिल्यात कारखाना कामगारांना दिला होता. दुसऱ्यात लिलाव करून येईल ती रक्कम लेकीला, आणि तिसऱ्यात सगळेच सरकारी रुग्णालयाला. वकीलबाई म्हणाल्या, "बाई, लोकांची भांडणं होतात म्हणून मृत्युपत्र बदलतं. तुमचं घरात सगळ्यांशी बरं आहे, तुमची मतंच एकमेकांशी भांडतात."

त्यांचे खरे आहे. तीस वर्षे मी वर्गात तीन पंथ शिकवले. एक म्हणतो, बाजाराच्या मध्ये येऊ नका, भाव सगळे बरोबर सांगतो. दुसरा म्हणतो, बाजार चालू द्या, पण पडलेल्याला उचलायची जबाबदारी सरकारने घ्यावी. तिसरा म्हणतो, कारखाना ज्यांच्या हातांनी चालतो त्यांच्याच मालकीचा करा, म्हणजे मुळात कोणी पडणार नाही. दरवर्षी कोणीतरी विचारायचे, "मॅडम, परीक्षेत कोणाचं बरोबर म्हणून लिहू?" मी सांगायची, "तिघांचं लिही, गुण मिळतील." त्यांना गुण मिळत. मला उत्तर मिळाले नाही, आणि ते शोधायचे मी सोडलेलेही नाही.

कलम २. माझे राहते घर, त्यातील भांडीकुंडी, पलंग, कपाटे आणि गॅलरीतल्या कुंड्या यांसह, माझ्या पश्चात माझ्या एकुलत्या एका लेकीचे. यावर इतर कोणाचाही हक्क पोहोचत नाही. लेक लांबच्या शहरात लोकांचे आखडलेले खांदे आणि गुडघे मोकळे करण्याचे काम करते आणि माझ्यापेक्षा कमी बोलते. लहानपणापासून तिचा मला एकच प्रश्न आहे, "आई, तू नक्की कोणाच्या बाजूची?" जेवणाच्या टेबलावर तिच्या मामाने बाजाराची बाजू घेतली की मी कामगारांची घ्यायची, आणि कामगारांचा पुढारी जिना चढून आला की बाजाराची. पोरीला वाटायचे आईला कणाच नाही. या दस्तात पुढे जे लिहिले आहे ते बरेचसे तिच्यासाठी आहे.

कलम ३. पुस्तके. बाजाराची बाजू मांडणारी, म्हणजे वरच्या दोन फळ्यांवरची सर्व पुस्तके कॉम्रेडला द्यावीत. कॉम्रेड म्हणजे आमच्या कारखान्याचा पूर्वीचा मशीनवाला. हे त्याचे टोपणनाव, पण त्याची बायकोसुद्धा त्याला याच नावाने हाक मारते. समाजवादाची सर्व पुस्तके माझ्या भाच्याला द्यावीत, म्हणजे माझ्या थोरल्या भावाच्या मुलाला, जो शीतगृहे चालवतो आणि नफा हा शब्द लोक देवाचे नाव घेतात तसा घेतो. वाचायची सक्ती नाही. पण समासात मी पेन्सिलीने जे भांडले आहे तेवढे तरी चाळावे. कल्याणकारी राज्यावरची पुस्तके नणंदेला देणार होते. ती म्हणाली, "वहिनी, चाळीस वर्षं सरकारी दवाखान्यात मेट्रन होते. मला ते वाचून काय कळायचंय?" ती पुस्तके महाविद्यालयाला द्यावीत.

त्याच महाविद्यालयाच्या एका प्राचार्यांनी माझ्या मागे म्हटले होते, "बर्फ विकणारी बाई अर्थशास्त्र काय शिकवणार!" निरोपाच्या वेळी त्यांच्याच हस्ते मिळालेला टेबललॅम्प मी खोक्यातून काढलेला नाही. तो त्यांच्या वारसांकडे पोहोचता करावा.

कलम ४. बर्फाचा कारखाना, जमीन, इमारत, यंत्रे, जनरेटर, साचे, चिमटे आणि भुशाच्या गोदामासह. ही मिळकत मूळची माझ्या वडिलांची. त्यांनी ती दादाला आणि मला निम्मी निम्मी दिली. माझे यजमान लवकर गेले आणि लेक लहान होती, म्हणून असे केले असावे. दादा मालाच्या खरेदी-विक्रीत मुरलेला. मी सकाळी वर्गात मागणी-पुरवठ्याचे वक्र काढायची आणि दुपारी कारखान्यात येऊन पाहायची, की मासळीवाले खरेच त्या वक्रावरून चालतात का. बहुतेक चालत. दादा हसायचा, "अगं, त्यांनी तुझा वक्र पाहिलेला नाही, म्हणून नीट चालतात."

त्या काळी घरोघरी फ्रिज झाले होते, कारखाना जेमतेम तगून होता. मासळीबाजार, दोन-चार हॉटेले आणि लग्नघरे एवढेच गिऱ्हाईक उरले होते. विकून टाकावा असे आमचे जवळजवळ ठरले होते. तेवढ्यात तो उन्हाळा आला.

कलम ५. हे कलम मिळकतीचे नाही, पण याच्याशिवाय पुढचे कलम कोणाला कळणार नाही, म्हणून वकीलबाईंचा आक्षेप नोंदवून ते ठेवले आहे.

भर उन्हाळ्यात मुख्य वीजकेंद्राला आग लागली आणि सगळे शहर अंधारात गेले. दुरुस्तीला आठवडा तरी लागेल असे जाहीर झाले. उकाडा असा की भिंतींना हात लावला तरी चटका बसावा. घरोघरचे फ्रिज म्हणजे नुसती कपाटे झाली. जनरेटरवर चालणारा बर्फाचा कारखाना शहरात एकच उरला, तो आमचा. आमच्या फाटकासमोर एवढी माणसे मी आधी कधी पाहिली नव्हती.

पहिल्या दिवशी दादाने लादीचा भाव तिपटीवर नेला. त्याचे म्हणणे सरळ होते. डिझेल महागले आहे, आणि स्वस्तात दिले तर पहिले दहा जण सगळे उचलून नेतील. "भाव वाढू दे. ज्याला खरंच लागतो तो घेईल, बाकीचे घरी जातील. आणि हा भाव ऐकून बाहेरगावचा बर्फवाला ट्रक काढेल. काढेल कसला, काढलाच. आत्ताच बोलणं झालंय माझं." मीही वर्गात हेच शिकवत होते. भाव हा एक निरोप असतो, लांबवर पोहोचणारा.

त्या गर्दीत आमच्या गल्लीतले घड्याळजी आले. त्यांची बायको पहाटे गेली होती. मुलगा दूरच्या गावी कामाला, तो पोहोचेपर्यंत तिला ठेवायचे होते. त्यांनी खिडकीशी येऊन भाव विचारला, चष्मा काढून पुसला, "बरं" म्हणाले आणि निघून गेले. कशासाठी हवा ते बोललेसुद्धा नाहीत. मागचा माणूस म्हणाला, "अहो, त्यांच्या घरी माणूस गेलंय," तोवर ते कोपऱ्यावरून वळले होते.

मी हाक मारायला धावले, पण फाटकाशी कोणीतरी दगड उचललेला होता, आणि कॉम्रेड दोन्ही हात पसरून फाटकासमोर उभा होता. लोकांना आवरता आवरता तो माझ्यावरच ओरडला, "बाई, हा बर्फ आम्ही गोठवलाय! लोकांना असा विकायचा असेल तर मशीन मी आत्ता बंद करतो!" दुपारनंतर मी भाव जुन्या जागी आणला.  दादाने टेलिफोन उचलला आणि बाहेरगावच्या माणसाला खरे ते सांगितले, की इथे आता भाव नाही. दोन ट्रक अर्ध्या वाटेवरून परत फिरले. मग तो कोट खांद्यावर टाकून निघून गेला.

दुसऱ्या दिवशी कॉम्रेडच्या पद्धतीने वाटप. दर घराला पाव लादी, गरीब नाही, श्रीमंत नाही. रांग थेट शाळेपर्यंत. लोक खूश होते, एकमेकांना सावलीत उभे राहायला जागा देत होते, आणि खरे सांगते, मला तेव्हा वाटले होते की उत्तर सापडले. पण ज्याला नको होता त्यानेही आपला हक्क म्हणून घेतला, आणि दोन गल्ल्या पलीकडे सरबतवाल्याला विकला, दादाच्या भावापेक्षाही चढ्या भावाने. विकणाऱ्यांत कॉम्रेडचा सख्खा मेव्हणा निघाला. कॉम्रेडने त्याला भर चौकात असे काही सुनावले की ते दस्तात लिहिता येत नाही. शिवाय रांगेच्या शेवटी उभ्या राहिलेल्यांच्या हाती घरी जाईपर्यंत गोणपाटच उरत होते.

संध्याकाळी नणंद रुग्णालयातून आली, घामाने चिंब. म्हणाली, "वहिनी, माझ्याकडे लसी आहेत, रक्ताच्या बाटल्या आहेत, आणि तू हॉटेलवाल्याच्या आचाऱ्याला पाव लादी देतेस?" म्हणून तिसऱ्या दिवसापासून तिची यादी. आधी रुग्णालय, मग इंजेक्शन थंड ठेवावे लागणारे, मग तान्ही बाळे, मग म्हातारे. ती टेबल टाकून फाटकात बसली. एका दिवसात अख्ख्या वस्तीला ताप आला. ज्यांना बोलता येत होते त्यांचे दुखणे मोठे, जे गप्प होते ते मागे राहिले. हे तिला दुपारीच कळले. तेव्हा टेबल सोडून ती घराघरांत जिने चढत सुटली, आणि एका तिसऱ्या मजल्यावर तिला एक बाळंतीण सापडली, जिला असली यादी आहे हेच ठाऊक नव्हते.

मी तिला घड्याळजींच्या घराचे विचारले. म्हटले, "वन्सं, त्यांचं नाव घाला ना." तिने पेन थांबवले. "मेलेल्या माणसाला गरज नसते गं. मला जिवंतांचं बघू दे." मला ते कठोर वाटले. पण त्या आठवड्यात रुग्णालयातली एकही बाटली फुकट गेली नाही, हे मी तिच्या बाजूने इथे लिहून ठेवते. लोक यासाठी तिला आजही नावे ठेवतात, आणि त्यांच्यातल्या अनेकांच्या लेकरांना त्याच लसी टोचल्या गेल्या आहेत.

वीज आली, गर्दी पांगली. पुढे काही दिवसांनी घड्याळजी आले, हात जोडले आणि म्हणाले, "तुमच्या भावाचे उपकार फिटायचे नाहीत. मुलाला आईचं तोंड बघता आलं." मला काही कळेना. कळले ते असे, की पहिल्या दिवशी चिडून निघालेला दादा मागच्या दाराने गोदामात गेला होता. त्याने दोन लाद्या हातगाडीवर चढवल्या, त्यांचे पैसे सकाळच्या तिप्पट भावाने पेटीत टाकले, आणि त्या घड्याळजींकडे नेल्या. हातगाडीला मागून जोर लावायला कोण होते? कॉम्रेड. दोघे वाटेत एकमेकांशी चकार शब्द बोलले नव्हते.

मी तडक दादाकडे गेले. "हे काय केलंस? आणि तिप्पट भाव कशाला? तोवर मी भाव उतरवला होता!"

"तू उतरवलास. मी नाही."

"मग फुकट कसा दिलास? तुझ्या तत्त्वात बसतं का हे?"

"माझ्या तत्त्वाला काय झालंय? बाजारात मी माल विकत घेतला. पुढे त्याचं काय करायचं, हा माझा प्रश्न."

कॉम्रेडला विचारले तर तो म्हणाला, "गाडी जड होती, बाई."

कलम ६. दादाबद्दल. त्या उन्हाळ्यानंतर त्याने आपला निम्मा हिस्सा मला विकला, भाऊ म्हणून एक पैशाची सूट न देता. सवलतीने नाती बिघडतात असे त्याचे मत होते. कारखान्यात त्याने पुन्हा पाऊल ठेवले नाही, पण दर रविवारी माझ्या घरी चहाला येऊन भांडत राहिला. भांडण नेहमी त्या दोन ट्रकांवर येई. "ते आले असते, तर तुझ्या रांगा नि याद्या लागल्याच नसत्या. चौथ्या दिवशी भाव आपोआप उतरला असता." मी म्हणायची, "आणि पहिल्या दिवशीचा घड्याळजी?" तो म्हणायचा, "तो माझ्याकडे होता ना." मी म्हणायची, "तू नसतास तर?" यावर तो चहा ओतून घ्यायचा. मी बरोबर होते का? ते ट्रक आले असते तर काय झाले असते, हे मी कागदावर किती वेळा मांडून पाहिले आहे. दर वेळी उत्तर वेगळे येते, कारण फाटकावरचा तो दगड कोणत्या रकान्यात मांडायचा ते मला अजून कळलेले नाही.

शेवटच्या आजारात कॉम्रेड रोज त्याच्या उशाशी बसायचा. दोघे एकमेकांना आपापल्या पंथाची वर्तमानपत्रे वाचून दाखवायचे आणि चिडायचे. डॉक्टरांनी वर्तमानपत्रे बंद केली, तेव्हा दादाची तब्येत आणखी खालावली. मग डॉक्टरांनी ती पुन्हा सुरू केली.

कलम ७. आता कारखाना. जमिनीला चांगला भाव आहे आणि तीन पक्ष माझ्याकडे येऊन गेले आहेत. भाच्याला तो विकत हवा आहे. कामगारांची बाजू कॉम्रेडने मांडली, निवृत्त होऊनही. नणंदेने रुग्णालयातल्या बाळांच्या विभागाची गळती मला नेऊन दाखवली. पुष्कळ विचाराअंती माझी इच्छा अशी:

माझ्या बँकेतील ठेवींची रक्कम प्रथम कारखान्यातील कामगारांना समान वाटून द्यावी. तिच्यावर कोणतीही अट नाही. त्यानंतर कारखाना विक्रीस काढावा. भाच्याने आपली बोली द्यावी. कामगारांना वाटल्यास त्यांनी मिळालेली रक्कम एकत्र करून, हवे तर कर्ज काढून, आपली बोली द्यावी. नको वाटल्यास रक्कम घेऊन सुखाने घरी जावे. जास्त बोली लावील त्याला कारखाना मिळावा, मग त्याने बर्फ करावा, भिंत पाडावी, काहीही करावे. विक्रीची सगळी रक्कम सरकारी रुग्णालयाच्या बाळांच्या विभागाला द्यावी.

मसुदा वाचून वकीलबाईंनी विचारले, "बाई, हा नक्की कोणता पंथ?" मी म्हटले, "मलाही तेच बघायचंय."

कलम ८. किरकोळ. ज्या हॉटेलवाल्याने पहिल्या दिवशी सर्वांत जास्त लाद्या घेतल्या आणि उरलेल्या गटारात वितळू दिल्या, त्याला माझ्या मिळकतीतून काहीही देऊ नये. तो मागणार नाही हे मला ठाऊक आहे, पण लिहिलेले बरे. नणंदेला माझी आरामखुर्ची द्यावी. ती बसणार नाही, तरी द्यावी.

कलम ९. या मृत्युपत्राची व्यवस्था कोणी पाहावी याची जागा मी कोरी ठेवली होती. आज सकाळी सगळ्यांना घरी बोलावून हा मसुदा वाचून दाखवला. अपेक्षा होती की कोणीतरी एक खूश होईल. तसे झाले नाही.

कॉम्रेड म्हणाला, "आमचाच कारखाना आम्ही पैसे देऊन विकत घ्यायचा? वा, बाई!"

भाचा म्हणाला, "आत्या, हा बाजार नाही. तुम्ही एका गिऱ्हाइकाच्या खिशात आधीच पैसे घातलेत."

नणंद म्हणाली, "आणि या दोघांनी बोली लांबवली, तर बाळांनी तोवर गळतीखाली झोपायचं?"

आणि मग माझी लेक, जी या विषयावर आयुष्यात कधी बोलली नाही, ती कोपऱ्यातून म्हणाली, "पण दादामामाची बाजू कोणी मांडतच नाहीये. आणि तुमचीही चुकते आहे, कॉम्रेडकाका. कर्ज काढलं आणि बर्फ खपला नाही, तर बुडणार कोण? सगळे सारखेच बुडणार ना?" कॉम्रेड तिच्याकडे वळला. भाच्याला वाटले ती त्याच्या बाजूची, तो हसला, तर ती त्याच्यावर घसरली. "आणि तुला काय झालं हसायला? मामाने तुझ्या हाती धंदा ठेवला तो कोणत्या लिलावात घेतला होतास?"

तेव्हा व्यवस्थापक म्हणून मी माझ्या लेकीला नेमते. वरच्या कोऱ्या जागेत तिचा उल्लेख मी आत्ताच शाईने केला आहे. बोलीची मुदत किती ठेवायची, बाळांच्या छताला आधी काही उचल द्यायची का, हे सगळे तिने ठरवावे. या सर्वांचे ऐकून घ्यावे, पण ठरवावे तिनेच. तिचा निर्णय मला कळणार नाही, एवढेच मला मरणाबद्दल खरोखर वाईट वाटते.

साक्षीदार म्हणून डॉक्टर आणि खालच्या मजल्यावरचे सुतार आलेले आहेत. दोघांना या मिळकतीतून काही मिळायचे नाही. दोघांनी पेनची टोपणे काढून ठेवली आहेत. सुतारांना दुकान उघडायचे आहे. पण आतल्या खोलीत वाद अजून चालू आहे, आणि लेक आता असे काहीतरी म्हणाली की कॉम्रेड आणि भाचा दोघे एकदमच गप्प झाले. काय म्हणाली ते मला इथून नीट ऐकू आले नाही. मी जरा आत जाऊन ऐकून येते. सही त्यानंतर करते.

लिहून देणार: (सही)

साक्षीदार:
१. डॉक्टर (सही)
२. सुतार (सही). बाई आतून परत यायला बराच वेळ लागला. सही त्यांनी आमच्यासमोर, हसत हसत केली.

ठिकाण: राहत्या घराची पुढची खोली
दिनांक: नऊ सप्टेंबर, सोमवार